तडकलेली घंटी

दर शनिवारी शिंपीमामा पापनिवेदनाला येत आणि फादरांचं डोकं खात. सुईला शिवी दिली, प्रवचनात डुलकी लागली, असली पापं. आज फादर वैतागलेच. "खरं पाप असेल तर सांगा, नाहीतर उठा. बाहेर रांग लागलीय." पापनिवेदनाच्या खोलीतल्या जाळीपलीकडे पिशवी उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तडकलेली घंटी बद्द वाजली. वेदीवरून तीन वर्षांपूर्वी हरवलेली ती घंटी फादरांनी आवाजावरूनच ओळखली. "खोळ शिवायला नेली होती, कुणाला न सांगता. कापडांखाली विसरलो. सापडली तोवर तुम्ही झाडूवाल्या मावशींना चोर ठरवून काढलं होतंत. मग धीर झाला नाही." "तीन वर्षं मला सुया ऐकवत होतात?" "तुम्ही तरी मावशींना कुठं विचारलंत?" मामा पुटपुटले. फादर धुसफुसत उठले. "घंटी घ्या, चला. मावशींच्या दारात माफीच्या रांगेत मी पहिला."