जवळ्याचा पिझ्झा

"पिझ्झ्यावर सुका जवळा?" गाडीवरची पाटी वाचून सौमित्रने नाक मुरडलं. "आणि आपण अननसावरून भांडत बसलो होतो." ऑफिसच्या सहलीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आलेले सगळे हसले.

हर्षलाही हसली, जरा जास्तच. "असलं कोण खातं? दोन दिवस हाताचा वास जायचा नाही," ती बोलून गेली. गाडी तिच्या आत्याचीच होती. आत्या भट्टीपुढे पाठमोरी होती, पण एवढ्या वाऱ्यात तिला ऐकू जाणार नाही असं हर्षलाने गृहीत धरलं होतं.

भाचीचा आवाज ओळखून आत्या हसत वळली. मग बोलणं पोचलं, आणि पुढे केलेले हात तिने पदराला पुसले.

"तुम्हाला भाज्यांचा देते, मॅडम."

'ही माझी आत्या' एवढंच म्हणायचं होतं. हर्षलाने नुसती मान डोलावली. शाळेच्या सुट्टीत आत्याच्या घरी पिझ्झ्यावर परतलेला जवळा टाकायचा हट्ट तिनेच धरला होता. आत्याने त्या हट्टाची पाटी रंगवून घेतली होती.

बाकड्यावर पिझ्झे आले. "हर्षला, तुझ्या पिझ्झ्यावर ढोबळी मिरचीच नाही गं," सौमित्रने बोट दाखवलं. हर्षला लहानपणापासून ढोबळी मिरची वेचून बाजूला काढते, हे त्या किनाऱ्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं.

"राहिली असेल चुकून," आत्या भट्टीकडे बघतच म्हणाली. "घालून देऊ का, मॅडम?"