जुना पत्ता
कंपनीत दिवसभर उभं राहून दिपालीची पाठ धरली होती, आणि दोन खोल्यांच्या भरल्या घरात ती टेकायला कोपरा नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाइल चाळून तिनं जालना रोडवरचं हे हॉटेल शोधलं होतं. स्वस्तातलं, वर स्पामधली मालिश फुकट. पण नवऱ्याचं आधारकार्ड बघताच मॅनेजरनं मान हलवली. “पत्ता चिकलठाण्याचा? लोकल माणसाला रूम देत नाही, साहेब.” नवऱ्यानं पिशवी उचलली. “चल घरी.” आतून कोमट तेलाचा वास येत होता, दिपालीचा पाय काही निघेना. तिनं पर्समधून आपलं कार्ड काढून पुढं सरकवलं. लग्नानंतर त्यावरचा पत्ता बदलला नाही, म्हणून सासूबाई येता-जाता टोचायच्या. “मॅडम बीडच्या? मग तुम्हाला एकटीला देता येईल.” तिनं नवऱ्याच्या हातातली पिशवी घेतली. “आईंनी विचारलं तर सांगा, माहेराला गेलीय म्हणून.”