वरचे दोन लिटर

घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनात तेल किती भरायचं, यावरून दोघा भावांचं कधीच जमलं नाही. “आठ लिटर भर,” थोरला म्हणायचा, “कुणाला उपाशीपोटी घराबाहेर सोडू नये.” “दादा, सहाच्या वरचं सगळं इंजिन बाहेर ओकतं!” धाकटा करवादायचा. थोरला वारल्यावर धाकटा मोजून सहाच भरू लागला. आज उडताच तेलाची नळी तडकली. सहा लिटरांवर इंजिन जाम झालं असतं, पण ते चाकं टेकेपर्यंत धडधडत राहिलं. उतरून बघतो तर कुलूपबंद कपाटातला तेलाचा डबा दोन लिटरांनी हलका. इंजिनाच्या तेलाचं टोपणही हाताने निघेना. ते इतकं आवळायची खोड एकट्या थोरल्याची. नळी बदलून धाकट्याने आठ लिटर ओतले, टोपण मुद्दाम सैल ठेवलं आणि हात धुऊन आला. टोपण पुन्हा गच्च होतं. “पोटभर जेवलंय, दादा,” तो पुटपुटला, “आता सोडू?”