लोण्यावाणी चालतंय

पेरूच्या बागेतलं गवत कापायला आबासाहेबांनी सांगवीच्या हरिभाऊकडून बसून चालवायचं जुनं मशीन घेतलं, आणि आठव्याच दिवशी ते साध्या चढाला थांबायला लागलं. शेवटी त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि स्वतःच गिअरबॉक्स खोलला. आत गिअरचे दात झिजून गुळगुळीत झाले होते, आणि ऑइलमध्ये लाकडाचा भुसा फुगून बसला होता. झिजलेल्या गिअरची खरखर गिऱ्हाइकाला ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम टाकलेला.

"बघ, बघ ह्या माणसाचं इमान!" त्यांनी भुशानं भरलेली मूठ बायकोपुढं, द्वारकाबाईंपुढं धरली. "घरात बसवून च्या पाजला मला. म्हणला, आबा, मशीन कसं लोण्यावाणी चालतंय! आन् आता चार दिस फोन लावतोय, तर उचलत न्हाय. उद्या सांगवीच्या चौकात, चार माणसांत, ह्यो भुसा त्याच्या टोपीत न्हाय वतला तर नावाचा आबासाहेब न्हाय!"

द्वारकाबाईंनी चिमूटभर भुसा बोटांत चोळून पाहिला. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला.

"हरिभाऊ का?" आबासाहेब ताडकन उठले.

"न्हाय. पळसदेवचा विशाल हाय, आपला जुना मशागतीचा टिलर घेतलेला. त्योबी चार दिस लावतोय."

आबासाहेब परत पोत्यावर बसले. "वाजू दे."

फोन वाजायचा थांबल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "त्यानंबी गिअरबॉक्स खोलला वाटतं."