आबांचं जुनं इंजिन

आबांच्या जुन्या पॉवर टिलरचं इंजिन मीच बदलायला लावलं. ते दोनदा खोकायचं, क्षणभर थांबायचं आणि मग असं धडधडायचं, की माझी सहा महिन्यांची रेवू झोपेतून दचकून उठायची. टाकीतलं पाणी सरलं की ते तापायचं. मग आबा बादली घेऊन धावायचे.

आबा, माझे सासरे, म्हणाले, "पोरी, दसराले त्यानी पूजा व्हऊ दे, मंग काढसूत."

मी नवऱ्याकडे, प्रेमराजकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं नवं इंजिन बसवलं आणि जुनं नशिराबादला भंगारात दिलं. ते टेम्पोत चढवताना आबांनी त्याला हात जोडले. मी आत रेवूला थोपटत होते.

त्या दुपारपासून रेवू झोपेत दोनदा खोकते, थांबते, आणि मग तिची छाती भरभर हलायला लागते. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. प्रेमराज हसून म्हणाला, "तुला आता शांतताही सोसवत नाही." मीही हसले.

आज ती झोपल्यावर हे लिहायला बसले, तर पाळण्यातून दोनदा खोकला आला. मी उठून तिच्या छातीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

मी हाक मारली नव्हती. तरी ओट्यावरचे आबा ओळखीचं काही ऐकल्यासारखे हसले आणि भरलेली बादली उचलून आत आले.

"पानी सरनं व्हई त्यानं," ते म्हणाले.