बाबांचा वस्तरा

जुने वस्तरे जमवता जमवता मी ते दुरुस्तही करायला लागलो. वस्तरा हातात आला की त्याचा मालक कळतो, असा माझा तोरा होता. परवा एक बाई वडिलांचा वस्तरा घेऊन आल्या. वडील न्हावी होते, महिन्यापूर्वीच गेले. मुठीवर त्यांच्या अंगठ्याने पाडलेली खोलगट जागा बघून मी मनातल्या मनात हात जोडले. पण धार नखावर टेकवली, तर ती नुसतीच घसरली.

"ही झिजलेली नाही," मी म्हणालो. "वस्तरा दगडावर उभा धरून मुद्दाम मोडलीय. तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. असं मोडायलाही कसबी हात लागतो. आता याने एक केस कापला जायचा नाही."

"काहीतरीच काय! शेवटपर्यंत बाबा यानेच दाढ्या करत होते. तीन वर्षं हात थरथरत होता, पण कुणाला साधा ओरखडा नाही. एक गिऱ्हाईक तुटलं नाही त्यांचं!"

बोलता बोलता त्या थांबल्या आणि वस्तऱ्याकडे बघत राहिल्या.

"धार लावू?" मी विचारलं.

"नको. नुसता पुसून द्या." मग त्यांना हसूच आलं. "आमचे हे दर रविवारी बाबांकडून दाढी करून यायचे आणि तडक बाथरूममध्ये शिरून कडी लावायचे. अर्ध्या तासाने गुळगुळीत गाल घेऊन बाहेर आले की म्हणायचे, 'तुझ्या बाबांचा हात म्हणजे लोणी!'"