दुसरी फळी

"अहो, ह्यात एकच माणूस बसेल," ती म्हणाली.

"मग? मासे धरायला काय पलटण न्यायचीय?" नवरा म्हणाला, आणि बोटवाला खो खो हसला.

शेडमध्ये जुन्या टायरांवर होड्या टेकवून ठेवल्या होत्या. ओल्या रंगाचा वास नाकात बसत होता. दारापाशी पिवळी होती, प्लास्टिकची, शेंगेसारखी अरुंद, मधोमध बसायला एकच खळगा. पलीकडे हिरवी, कुशीवर कललेली. फायबरची, सपाट बुडाची, बसायला आडव्या दोन फळ्या. तिनं आल्या आल्या हिरवीवर हात ठेवला होता आणि तो अजून काढला नव्हता.

होडीची कल्पना तिचीच. नवरा बंदरात क्रेन चालवायचा. उभा जन्म वरच्या काचेच्या केबिनमध्ये गेला. निवृत्त झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून तो समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप बघत बसे. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. वर एकटा बसून बसून माणूस बोलायचं विसरला, असं ती सगळ्यांना सांगायची. इस्पितळात नर्स असताना तिनं कैक अबोल पेशंटांना बोलतं केलं होतं. घरचा पेशंट मात्र दाद देत नव्हता. मग एकदा चहा देताना ती म्हणाली, "आपण एक लहानशी होडी घेऊ या का? तळ्यावर जाऊ, मासे धरू." त्यानं मान वर केली. डोळ्यांत जरा धुगधुगी दिसली. "बघू," तो म्हणाला.

तेवढ्यावर ती तयारीला लागली. मासळीचा वास तिला सोसायचा नाही. सवय व्हावी म्हणून ती मुद्दाम मासळीबाजारातून हिंडून आली. गळाला गांडूळ लावायच्या नुसत्या विचारानं अंगावर काटा यायचा, तोही तिनं गिळला.

आज तर तिचं सगळं सार्थक झालं होतं. नवरा बोलत होता! वल्ह्यांची लांबी, वारा, पाण्यातलं शेवाळ. बोटवाल्याला त्यानं मुलाबाळांचंही विचारलं. मूल पहिलं पाऊल टाकताना आई बघते, तशी ती बघत होती.

"हिरवी घेऊ या हो," ती म्हणाली.

"परवडत नाही."

"करू की थोडी काटकसर."

"उगाच कशाला? पिवळी स्वस्त आहे, मजबूत आहे."

तिचा चेहरा उतरला. ते बोटवाल्याच्या लक्षात आलं. दिलदार माणूस होता. त्यानं हातातला ब्रश डब्यात टाकला.

"वहिनींचा एवढा जीव अडकलाय ना हिरवीत? मग पिवळीच्या भावात घेऊन जा. बुडाला एक जोड आहे, त्यामुळे गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण थेंबभर पाणी आत येणार नाही, माझी जबाबदारी."

"बघा!" ती नवऱ्याला म्हणाली. बोटवाल्याला काय देऊ नि काय नको, असं तिला झालं.

"जड आहे," नवरा म्हणाला.

"खाली लावायला चाकांची गाडी देतो. तिचं काही घेणार नाही."

"ठेवायची कुठे?"

"जिन्याखाली मावते," ती म्हणाली. "मी टेपनं मोजून आलेय."

नवऱ्याचे प्रश्न संपले. आता होकार येणार, अशी तिची खात्री झाली. तो जोड बघायला ती हिरवीच्या पलीकडे गेली आणि खाली बसून बुडावरून बोटं फिरवू लागली. काम चोख होतं, कुठे खरखर लागत नव्हती. होडीच्या अलीकडे दोघे पुरुष उभे होते. तिथून नवऱ्याचा आवाज आला. हलका, मोकळा, मित्राशी बोलावं तसा.

"अहो, कसं सांगू तुम्हाला, दुसरी फळी असली की ही येणार ना!"

बोटवाला हसला नाही. त्यानं पुन्हा ब्रश उचलला आणि समोर येईल त्याला रंग द्यायला लागला.

ती बसलेलीच राहिली. गुडघे कळा मारायला लागले तरी बसून राहिली. माणूस काहीही विसरला नव्हता. थट्टा, चौकशा, हसणं, सगळं जागच्या जागी होतं. घरात शिरताना तो ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवत होता, एवढंच.

मग ती उठली. हात झटकून अलीकडे आली.

"पिवळीच बांधा," ती बोटवाल्याला म्हणाली. "जोडाचं नको."

"मी मघापासून तेच म्हणतोय!" नवरा म्हणाला.

बोटवाल्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. टेंपोत होडी चढवून दोऱ्या आवळताना तो एकेका गाठीशी उगाच घुटमळत राहिला.

दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेंपो निघाला आणि नवऱ्याला जणू कंठ फुटला, आता थेट तिच्याशीच. तळ्याच्या कोणत्या काठाला सावली असते, कोणता मासा कशाला भुलतो, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं. लग्नाच्या नव्या नवलाईतसुद्धा तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता. मध्येच त्यानं प्रेमानं तिच्या हातावर थाप मारली. तिनं हात काढून घेतला नाही. ती समोरच्या काचेतून रस्ता बघत होती.

"तू आता मजा बघ," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी ताजे मासे. बोल, किती आणू?"

"एकापुरते आणा," ती म्हणाली.